फोटो पाहिला, पण खेळ?

मैत्रिणींनो, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधला एक फोटो तुमच्याही पाहण्यात आला असेल. जाळीच्या एका बाजूला बिकिनीतली जर्मन खेळाडू, दुसऱ्या बाजूला हिजाब, लांब बाह्या आणि पूर्ण विजार घातलेली मुलगी. दोघींचे हात चेंडूकडे झेपावलेले. जगभर तो छापून आला आणि चर्चा रंगली ती कपड्यांची! ती मुलगी खेळते कशी, हे विचारायचं बहुतेकांच्या मनातही आलं नाही.

ती इजिप्तची दुआ एल्घोबाशी. तेव्हा वय अवघं १९, जोडीदारीण नादा मेआवाद १८ ची. बीच व्हॉलीबॉलसाठी इजिप्तच्या मुली प्रथमच ऑलिंपिकला आल्या होत्या.

हा खेळ दिसतो तितका गमतीचा नाही, बरं का! १६ मीटर लांब, ८ मीटर रुंद मैदान आणि एका बाजूला दोघीच. बदली खेळाडू नाही. पाय वाळूत रुततात आणि उडी मारायची ती २ मीटर २४ सेंटिमीटर उंच जाळीपाशी!

पूर्वी या खेळात बायकांनी तोकडेच कपडे घालावेत असा दंडक होता. २०१२ साली तो सैल झाला, म्हणून दुआला उतरता आलं. दहा वर्षं हिजाब वापरते, त्यापायी आवडीचं काही सोडलेलं नाही, असं तिने रिओत सांगितलं. शेजारी नादा उघड्या डोक्याने खेळत होती. दोघींचं काही अडलं नाही.

जर्मनीविरुद्ध त्या १२-२१, १५-२१ अशा हरल्या. पुढचे दोन्ही सामनेही गेले. पण त्या जर्मन जोडीने पुढे सुवर्णपदक पटकावलं, हेही ध्यानात घ्या.

एवढ्यावर कुणीही खेळ सोडला असता. दुआ मात्र आठ वर्षांनी, २०२४ साली, मारवा अब्देलहादी या नव्या जोडीदारणीबरोबर पॅरिसला पोचली. तिथेही गटातले तिन्ही सामने गेले, त्यातला एक सुवर्णविजेत्या ब्राझीलशी. यजमान फ्रान्सने स्वतःच्या खेळाडूंना हिजाबाची बंदी केली होती. दुआ स्पष्ट बोलली: जिला झाकायचंय तिने झाकावं, जिला नको तिने नको, एकमेकींचा मान राखा म्हणजे झालं.

एकीकडे 'कमी घाल', दुसरीकडे 'हे काढ'. ठरवणारे दुसरेच! उद्या तुमची लेक मैदानावर निघाली, तर "हे काय घातलंस?" हा प्रश्न गिळून टाका आणि विचारा, "सामना किती वाजता गं? मीही येते."