जगाच्या शेवटाची तारीख चुकते तेव्हा

२०२५ च्या सप्टेंबरात तुमच्याही फोनवर ती रील आली असेल. दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रवचनकाराने सांगितलं होतं की २३ किंवा २४ सप्टेंबरला येशू परत येणार आणि आपल्या लोकांना वर उचलून घेणार. आमच्या लॅबमध्ये त्यावर दोन दिवस विनोद चालले. "गाइडला सांग, चॅप्टर २५ तारखेनंतर देतो" वगैरे. मीही हसले.

२५ तारीख उजाडली, रील्स बदलल्या. मला मात्र एक प्रश्न चिकटून राहिला. ज्यांनी खरंच विश्वास ठेवला होता, त्यांची पुढची सकाळ कशी गेली असेल? धर्माचा इतिहास हा माझा विषय नाही. पण अंदाज बांधणं आणि तो चुकल्यावर डोकं धरून बसणं हे माझं रोजचं काम आहे. म्हणून वाचायला लागले, आणि वाचता वाचता १८४४ सालच्या अमेरिकेत जाऊन पोचले. आजचा लेख त्याबद्दल.

एका शेतकऱ्याचं गणित

विल्यम मिलर हा न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी. १८१२ च्या युद्धात तो लढला होता. तरुणपणी तो चर्चपासून दूर गेलेला, देवाने जग निर्माण केलं पण त्यात तो ढवळाढवळ करत नाही असं मानणारा. युद्धानंतर तो पुन्हा बॅप्टिस्ट झाला आणि बायबल ओळीने, शब्द न् शब्द तपासत वाचायला बसला. १८१८ पर्यंत त्याची खात्री झाली की साधारण २५ वर्षांत येशूचं दुसरं येणं होणार.

हे त्याने स्वप्नात पाहिलं नव्हतं, मोजून काढलं होतं. बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकात, आठव्या अध्यायात, २३०० दिवसांनंतर पवित्रस्थान शुद्ध होईल असं म्हटलं आहे. भविष्यवाणीतला एक दिवस म्हणजे एक वर्ष, ही समजूत त्या काळी अनेक अभ्यासकांना मान्य होती. मोजायला सुरुवात कुठून? इराणच्या अर्तहशश्त राजाने यरुशलेमबद्दल काढलेल्या हुकमापासून, म्हणजे इ. स. पूर्व ४५७ पासून. पवित्रस्थान म्हणजे ही पृथ्वी, आणि तिची शुद्धी म्हणजे येशू येईल तेव्हाचा अग्नी, असा मिलरने अर्थ लावला. २३०० मधून ४५७ वजा करा. उत्तर १८४३.

इथे एक गंमत आहे, प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल. इ. स. पूर्व १ नंतर थेट इ. स. १ येतं, मध्ये शून्य वर्ष नाही. म्हणजे बेरजेत एक वर्ष कमी पडतं आणि बरोबर उत्तर १८४४ येतं. आपण लूप लिहिताना करतो तीच एकची चूक.

मिलरने १८३१ मध्ये जाहीर प्रवचनं सुरू केली. पुढे जोशुआ हाइम्स नावाचा बोस्टनचा पाद्री त्याला येऊन मिळाला. त्याने वर्तमानपत्रं काढली, प्रचंड तंबू उभारले, छापील तक्ते वाटले. अनुयायांचा आकडा इतिहासकार साधारण ५० हजार ते एक लाख धरतात.

मिलरने आधी २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ असा पट्टा दिला होता. तो कोरडाच गेला. मग ऑगस्ट १८४४ मध्ये एक्झेटर गावच्या मेळाव्यात सॅम्युअल स्नो या प्रवचनकाराने नवा हिशोब मांडला. यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी येतो, आणि कराईट पंथाच्या पंचांगानुसार त्या वर्षी ती तारीख २२ ऑक्टोबर होती. स्वतः मिलरने ही तारीख अगदी शेवटी, ऑक्टोबरात स्वीकारली. तोवर लोकांनी दुकानं बंद केली होती, काहींनी पीक शेतातच सोडलं होतं.

(पांढरे झगे घालून लोक छपरावर चढले, अशी गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. तिला भरवशाचा पुरावा सापडलेला नाही. हरलेल्यांबद्दल असल्या गोष्टी लवकर पसरतात.)

तारखेला एवढं वजन कुठून आलं?

इथपर्यंत वाचून तुम्हाला हे सगळं आकड्यांचं वेड वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. मग चार्ल्स फिच भेटला.

फिच हा मिलरच्या चळवळीतला एक प्रमुख प्रवचनकार. भविष्यवाण्यांचा तो प्रसिद्ध तक्ता त्याने आणि एका सहकाऱ्याने मिळून बनवलेला. ऑक्टोबर १८४४ मध्ये बफेलो इथे थंडगार पाण्यात बाप्तिस्मे दिल्यावर तो तापाने आजारी पडला आणि १४ तारखेला वारला. ठरलेल्या दिवसाच्या आठ दिवस आधी. त्याच्या बायकोमुलांबद्दल चळवळीच्या वर्तमानपत्रात आलेल्या बातमीचा आशय असा, की ती हसतमुख आहेत, कारण थोड्याच दिवसांत त्यांची भेट होणार आहे.

मेलेला माणूस आत्ता कुठे आहे? या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेत एकच उत्तर नाही, आणि शेवटच्या दिवसाची निकड किती हे त्या उत्तरावर बरंचसं ठरतं.

कॅथलिक शिकवण अशी, की मृत्यूनंतर लगेच प्रत्येक आत्म्याचा न्याय होतो. मग स्वर्ग, नरक, किंवा स्वर्गाआधीच्या शुद्धीची अवस्था. जिवंत माणसांच्या प्रार्थनेचा मृतांना उपयोग होतो, म्हणून २ नोव्हेंबरला वसईत, गोव्यात कबरींवर मेणबत्त्या लागतात. शेवटच्या दिवशी शरीरांचं पुनरुत्थान होईलच, पण त्याआधीही मृतांशी नातं तुटलेलं नसतं. बहुतेक प्रोटेस्टंट शुद्धीची अवस्था मानत नाहीत, पण विश्वासणाऱ्याचा आत्मा मृत्यूनंतर प्रभूजवळ जातो असं मानतात.

तिसरं मत असं, की मृत माणूस झोपलेला असतो. त्याला काहीच जाणीव नसते, आणि येशू येईल तेव्हाच तो उठेल. याची मुळं जुनी आहेत. इ. स. ५० च्या सुमारास, म्हणजे शुभवर्तमानांच्याही आधी, पौलाने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला पत्र लिहिलं. येशू परत यायच्या आत आपली काही माणसं गेली, आता त्यांचं काय, ही तिथल्या लोकांची काळजी होती. पौलाने त्यांना धीर दिला की गेलेले आधी उठतील, आणि मृतांसाठी शब्द वापरला तो झोपलेल्यांचा. इंग्रजीतला 'सिमेट्री' हा शब्दही झोपण्याच्या जागेसाठीच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. मराठी ख्रिस्ती कबरींवर 'प्रभूमध्ये निद्रिस्त' लिहितात तेही याच ओळीतलं, अर्थात तसं लिहिणारे सगळेच हे तिसरं मत धरतात असं नाही.

१८४० च्या दशकात जॉर्ज स्टॉर्स या प्रवचनकाराने हे मत मिलरच्या अनुयायांमध्ये आणलं. मिलरला ते पटलं नाही. पण फिचने जानेवारी १८४४ मध्ये ते उघडपणे स्वीकारलं.

आता फिचच्या घरी काय मानत असतील याचा विचार करा. आत्मा वर पोचलाय, आपल्याकडे बघतोय, हा दिलासा त्या मतात नाही. भेट होणार ती फक्त त्या एका दिवशी. मग २२ ऑक्टोबर ही तारीख म्हणजे जगाच्या शेवटापेक्षाही बाबा परत भेटण्याचा दिवस होतो. अशा घरात 'एरर बार किती?' असं कोण विचारणार?

२३ ऑक्टोबरची सकाळ

रात्र सरली, सूर्य नेहमीसारखा उगवला. हायरम एडसन या शेतकऱ्याने पुढे लिहून ठेवलं की ते सगळे पहाटेपर्यंत रडत होते. इतिहासात या घटनेला 'महान निराशा' असं नाव पडलं.

पुढे काय झालं? समाजशास्त्राच्या वर्गात बसला असाल तर एक ठरलेलं उत्तर तुम्हाला माहीत असेल. १९५६ मध्ये लिऑन फेस्टिंगर, हेन्री रीकन आणि स्टॅन्ली शॅक्टर यांचं 'व्हेन प्रॉफसी फेल्स' हे पुस्तक आलं. शिकागोजवळच्या एका छोट्या गटाला २१ डिसेंबर १९५४ ला महापूर येणार असे संदेश मिळत होते. देणारे परग्रहावरचे, आणि त्यातला एक येशूचंच रूप मानला जाणारा. पूर आला नाही. पुस्तकाचा निष्कर्ष असा, की भविष्य खोटं ठरल्यावर श्रद्धा सुटत नाही, उलट माणसं आणखी जोरात प्रचार करू लागतात, कारण नवे लोक पटवले की मनातली विसंगती कमी होते. पुस्तकात मिलरच्या चळवळीचाही दाखला दिला आहे.

या निष्कर्षावर आज गंभीर आक्षेप आहेत. गट लहान होता, आणि त्यात संशोधकांनी पाठवलेली माणसंच खोटी ओळख सांगून बसली होती. २०२५ मध्ये थॉमस केली यांनी फेस्टिंगरच्या जतन केलेल्या कागदपत्रांवर आधारित एक पेपर प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं असं, की गटाचा प्रचार पुराच्या तारखेआधीही चालू होता, तारीख चुकल्यावर गट लवकरच विस्कटला, आणि संशोधकांनी आत राहून घडणाऱ्या गोष्टींवर प्रभाव टाकला. म्हणजे ज्याचं माप घ्यायचं तेच हलवून ठेवलं.

१८४४ चा दाखलाही नीट पाहिला तर तसा बसत नाही. बहुतेक लोक चळवळ सोडून गेले. काही आपल्या जुन्या चर्चमध्ये परतले, काहींनी धर्मच सोडला. काहींनी नव्या तारखा काढल्या, त्याही गेल्या. मिलरने हिशोब चुकल्याचं मान्य केलं, आशा मात्र सोडली नाही. तो १८४९ मध्ये वारला.

एक छोटा गट म्हणाला, तारीख बरोबर होती, घटना ओळखण्यात चूक झाली. पवित्रस्थान पृथ्वीवरचं नव्हे, स्वर्गातलं, आणि त्या दिवशी येशूने तिथलं शेवटचं कार्य सुरू केलं. याच गटातून पुढे सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्च झालं. पण फेस्टिंगरच्या भाकितानुसार या गटाने लगेच जोरात प्रचार करायला हवा होता. झालं उलटंच! बाहेरच्यांसाठी तारणाचं दार आता बंद झालं, असं ते साधारण १८५१ पर्यंत मानत होते. जखम झालेली माणसं दार लावून आत बसली होती.

मग आपल्याला वेगळं चित्र का दिसतं? सर्व्हायव्हरशिप बायस. गेलेल्यांनी वर्तमानपत्रं काढली नाहीत, राहिलेल्यांनी काढली. हजारो माणसं शांतपणे शेतावर परतली, त्यांचा डेटा कुणाकडेच नाही.

'तारीख बरोबर, घटना वेगळी' ही पळवाट आहे का?

विज्ञानवाल्यांना इथे नाक मुरडायचा मोह होतो. जरा थांबूया. त्याच काळात युरेनसची कक्षा गणिताशी जुळत नव्हती. खगोलशास्त्रज्ञांनी न्यूटनला मोडीत काढलं का? नाही. पलीकडे न दिसलेला एक ग्रह असेल म्हणाले, आणि २३ सप्टेंबर १८४६ ला बर्लिनमध्ये नेपच्यून सापडला. आवडता सिद्धांत वाचवायला एक जादा गृहीतक जोडणं हे आपणही करतो. फरक एवढाच, की त्या गृहीतकाकडे दुर्बीण वळवता येत होती. स्वर्गातल्या पवित्रस्थानाकडे ती वळवता येत नाही. म्हणून ते विधान खोटं ठरत नाही, आणि त्याच कारणाने तपासताही येत नाही.

पण फक्त या युक्तिवादावर एखादं चर्च टिकत नाही. १८६३ मध्ये या चर्चची रीतसर स्थापना झाली तेव्हा सभासद होते साधारण ३५००. आज जगभरात दोन कोटींहून जास्त आहेत. पुण्यात औंध भागातून जाताना 'स्पायसर'चं नाव वाचलं असेल, ती संस्था याच चर्चची. ही मंडळी आता येण्याची तारीख काढत नाहीत. पण मृत झोपलेले आहेत, कायमचा जळता नरक नाही, आणि भेट त्या दिवशी होणार, ही शिकवण त्यांनी घट्ट धरून ठेवली. तारीख सोडून देता आली. गेलेल्या माणसाबद्दलचं उत्तर त्यांनी सोडलं नाही, कारण लोकांना हवं होतं ते मुळात तेच होतं, असं मला वाटतं.

फिचच्या मुलांचा मी अजून विचार करते. आठ दिवस त्या घरात कुणी रडलं नसेल, तर त्यांचे बाबा त्यांच्यासाठी १४ ऑक्टोबरला गेलेच नाहीत. ते गेले २३ ऑक्टोबरच्या सकाळी.

अशी पुढची तारीख येईलच, आणि लॅबमध्ये विनोदही होतील. गणित चुकलं तर चुकलं म्हणायलाच हवं, त्यात सूट नाही. फक्त हसण्याआधी, तारीख मोजणाऱ्याला त्या दिवशी कोण भेटायला हवं आहे, हे मी एकदा विचारून बघेन.