डोळे लाल की हिरवे? जुळ्या भावांसारखे दोन खेकडे ओळखायचे कसे

अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात खेकडे पकडणाऱ्यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये मोठा धक्का बसला. ‘स्नो क्रॅब’ची संख्या इतकी घटली होती, की त्या हंगामात त्याची मासेमारी पहिल्यांदाच पूर्ण बंद ठेवली गेली. त्याचा जवळचा नातलग ‘टॅनर क्रॅब’ पकडायला मात्र मुभा होती. अडचण अशी, की हे दोघे दिसायला जवळपास सारखे, आणि कित्येकदा एकाच पिंजऱ्यात सापडतात. मग ठेवायचा कोणता आणि परत पाण्यात सोडायचा कोणता?

दोघेही लांब, बारीक पायांच्या कोळी-खेकड्यांच्या गटातले. शास्त्रीय नावात पहिला शब्द एकच, ‘कायनोसिटीज’. स्नो क्रॅब म्हणजे ‘ओपिलिओ’. त्याचं वर्णन १७८८ मध्येच झालं होतं. टॅनर म्हणजे ‘बैर्डी’. ही वेगळी जात असल्याचं अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या मेरी रॅथबन यांनी १९२४ मध्ये नोंदवलं.

दोन खुणा लक्षात ठेवा

पहिली खूण डोळ्यांची. बैर्डीचे डोळे लाल, ओपिलिओचे हिरवे.

दुसरी तोंडाची. खेकडा समोरून धरून तोंडाच्या वरची कड बघायची. बैर्डीत ती इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखी वरखाली जाते, ओपिलिओत सरळ आडवी असते.

आकारावर फार विसंबता येत नाही. पूर्ण वाढलेला बैर्डी मोठा आणि वजनदार असतो खरा, पण त्याचं अर्धवट वाढलेलं पिल्लू मोठ्या ओपिलिओएवढंच दिसतं.

नर-मादी ओळखायची रीत मात्र आपल्या मालवण-मडगावच्या बाजारातलीच. खेकडा उलटा करा. पोटावरची झडप अरुंद, त्रिकोणी असेल तर नर, रुंद आणि गोलसर असेल तर मादी. तिथे फक्त नरच ठेवता येतात.

खुणा जुळल्या नाहीत तर?

खरी पंचाईत इथे होते. या दोन जातींचा संकर होतो. अशा खेकड्याचे डोळे एका जातीकडे झुकतात, तोंड दुसऱ्या जातीकडे, नाहीतर दोन्ही खुणा मधल्याच निघतात. म्हणून एकच खूण बघून निकाल द्यायचा नाही, दोन्ही तपासायच्या. तरीही शंका उरली, तर खात्रीसाठी जनुकीय तपासणीच करावी लागते.

एवढा आटापिटा कशासाठी?

कारण दोघांचं नशीब वेगळं आहे. स्नो क्रॅबच्या पिल्लांना दोन अंशांच्या आतलं थंडगार पाणी लागतं, टॅनरला थोडं उबदार पाणीही चालतं. २०१८-१९ च्या सागरी उष्णतेच्या लाटेनंतर बेरिंग समुद्रातले १० अब्जांहून जास्त स्नो क्रॅब नाहीसे झाले. उबदार पाण्यात त्यांची भूक वाढली, अन्न पुरलं नाही आणि बहुतेक उपासमारीने मेले, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये मांडला. दोन्ही जाती एकाच खात्यात मोजल्या असत्या, तर एकीची घसरण दुसरीच्या आकड्यांत झाकली गेली असती.

२०२४ मध्ये स्नो क्रॅबची मासेमारी मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झाली. पण हा माल बाजारात येतो तो बहुतेकदा शिजवून गोठवलेल्या पायांच्या जुडग्यांच्या रूपात. तिथे ना डोळे, ना तोंड. त्यामुळे ओळख पटवायची ती बोटीवरच, खेकडा हातात जिवंत असताना.