रेषाखंड आणि कोन यांचे दुभाजन



भूमितीच्या रचनांमधील पहिला धडा म्हणजे दुभाजन, अर्थात दोन सारखे भाग करणे. मी हिंदी माध्यमातून शिकलो. तेथे लंबदुभाजकाला 'लंब समद्विभाजक' आणि कंपासला 'परकार' म्हणत. तुमच्या शेजारची गुजराती शाळेतील मुले 'लंबद्विभाजक' आणि 'परिकर' म्हणतात. नावे वेगळी, कृती एकच.

पुष्कळ विद्यार्थी विचारतात की पट्टीने मोजून अर्धे केले तर काय बिघडते? ७.३ सेंमीचा रेषाखंड घ्या. त्याचे अर्धे ३.६५ सेंमी. पट्टीवर ही खूणच नाही, म्हणून तुम्ही अंदाजाने टिंब देता. ७५ अंशांच्या कोनाचे अर्धे ३७½ अंश, तेही कोनमापकावर नीट सापडत नाही. कंपासला मात्र लांबी किंवा माप विचारावेच लागत नाही.

रेषाखंड कख घ्या. कंपासमध्ये अर्ध्यापेक्षा जास्त अंतर घेऊन क वरून दोन्ही बाजूंना कंस काढा. अंतर न बदलता ख वरूनही काढा. कंस प आणि फ येथे छेदतील. पफ जोडा, ती कख ला जेथे छेदते तो मध्यबिंदू म.

'अर्ध्यापेक्षा जास्त' का? रेषाखंड ८ सेंमी असेल आणि कंपासमध्ये ३ सेंमी घेतले तर कंस भेटणारच नाहीत. बरोबर ४ घेतले तर एकाच बिंदूत टेकतील. पण ४ माहीत असते तर एवढा खटाटोप कशाला?

आता कारण पाहा, कारण पाठांतर येथेच उघडे पडते. कप = खप आणि कफ = खफ, कारण कंपास हलवला नाही. पफ दोन्ही त्रिकोणांत सामाईक. म्हणून बाबाबा कसोटीने त्रिकोण एकरूप, आणि प पाशी झालेले दोन कोन समान. मग बाकोबा कसोटीने कम = खम. म पाशीचे कोनही समान, म्हणजे प्रत्येकी ९० अंश. कोनाचे दुभाजनही असेच होते: शिरोबिंदूवरून एक कंस काढून दोन्ही भुजांवर खुणा करा, त्या दोन खुणांवरून समान कंस काढा, छेदनबिंदू शिरोबिंदूला जोडा. सिद्धतेला बाबाबा पुरते.

ही युक्ती फार जुनी आहे. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात दोन खुंट्यांना दोरीची टोके अडकवून, मधली खूण धरून दोरी आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला ताणायला सांगितले आहे. तोच आपला लंबदुभाजक, फक्त कंपासाऐवजी दोरी. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकात नववे विधान कोनाचे आणि दहावे रेषाखंडाचे दुभाजन सांगते.

आपल्या कतारगामात घंटीवर बसणाऱ्या रत्नकलाकाराला विचारा. गोल ब्रिलियंट हिऱ्याला ५७ पैलू असतात. खालच्या बाजूस आधी चार मुख्य पैलू ९० अंशांच्या अंतराने पाडतात, मग प्रत्येक दोहोंच्या बरोबर मध्ये एक, म्हणजे ४५ अंशांवर आठ. एक जरी सरकला तरी शेजारचा लहानमोठा होतो, आणि घासलेला हिरा काही परत भरून येत नाही. तुमच्या हातात खोडरबर आहे, हे सुखच समजा.

कोनाचे तीन सारखे भाग? कंपास आणि बिनखुणांच्या पट्टीने प्रत्येक कोनाचे ते होऊ शकत नाहीत, हे फ्रान्सच्या वांझेल यांनी १८३७ साली सिद्ध केले.

परीक्षेत रचनेचे कंस पुसू नका, परीक्षक तेच शोधतो. कंपासचा स्क्रू घट्ट असावा, पेन्सिल टोकदार असावी.

आता काम. एका वर्तुळाचे १६ सारखे भाग कोनमापक न वापरता करा. सुरुवात व्यासाच्या लंबदुभाजकापासून करावी. वह्या शनिवारी वर्गशिक्षकांकडे द्याव्यात.