दया नको, दहा टक्के खाटा द्या!

लेकरू सहा-आठ महिन्यांचे होत नाही तोच हातापायाची बोटे सुजतात. पुढे हाडे ठणकतात, रक्त कमी पडते, शाळा बुडते. आणि शेजारीपाजारी म्हणतात, पोरगं आळशी आहे! सिकलसेल विदर्भातील आदिवासी आणि बौद्ध घरांत पिढ्यानपिढ्या मुक्कामाला आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता चारात एक. लग्नाआधी पत्रिका पाहणाऱ्यांची आम्ही थट्टा करतो, पण रक्ताचा अहवाल आपल्यात तरी किती जण पाहतात?

१९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी 'लॅन्सेट'मधून मध्य भारतातील हा आजार जगापुढे मांडला. तेव्हापासून शासनाला सर्व ठाऊक होते. तरी आईबापांना तपासणी, औषध, समुपदेशन यांची वाट दाखवायला पुढे यावे लागले ते घरात आजार निघालेल्या एका बापालाच. संपत रामटेके यांनी नागपुरात सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेल आला, त्यामागे अशा संस्थांचा रेटा आहे. मात्र त्याच कायद्याच्या कलम ३४ मधील नोकरीच्या चार टक्के आरक्षणात रक्ताचे आजार नाहीत. प्रमाणपत्र हाती, नोकरीची दारे बंद! २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचा भर आदिवासी भागांवर आहे, तो हवाच. पण नागपूरच्या वस्त्यांतील बौद्ध लेकरांची तपासणी कोणी करायची?

संस्थेचा कार्यकर्ता लेकराला दवाखान्याच्या दारापर्यंत नेतो. खरी अडचण दारावर सुरू होते. 'धर्मादाय' पाटी लावून सवलती घेणारी मोठमोठी रुग्णालये या शहरात आहेत. त्यांच्या काउंटरवर पहिला प्रश्न डिपॉझिटचा.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१ कक आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेली योजना आपल्या लोकांनी पाठ करावी. अशा रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या आहेत. एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची आहे. तातडीच्या रुग्णाकडे डिपॉझिट मागता येत नाही. म्हणजे विश्वस्त मंडळ ज्याला आपले औदार्य म्हणते, ते वास्तविक कर आणि जमिनीच्या सवलतींचे देणे आहे. देणेकऱ्याने उपकाराची भाषा करू नये!

आमच्याकडे येणाऱ्या पालकांपैकी बहुतेकांना ही योजनाच माहीत नसते. ज्यांना असते त्यांना 'खाटा भरल्या' हे ठरलेले उत्तर मिळते. कोणत्या खाटा, किती, कोणी भरल्या, हे विचारायला वकील लागत नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातील समाजसेवकाला भेटावे. त्याने हात वर केले तर धर्मादाय सहआयुक्तांच्या नागपूर कार्यालयात साध्या कागदावर तक्रार द्यावी, पोच घ्यावी. नकार तोंडी असेल तर तो लेखी मागावा. लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळदा खाट निघते.