मोटारीचा पहारेकरी

विजेवर चालणारी स्कूटर आता आपल्या पेठांतून सर्रास दिसते. चढावर तिचे चाक खड्ड्यात अडले, तर आत काय घडते? मोटार फिरत असता ती स्वतःच विरोधी विद्युत्दाब निर्माण करते व प्रवाह आटोक्यात राहतो. चाक थांबले की तो विरोध संपतो. बॅटरी 48 व्होल्टची आणि एकूण रोध 0.1 ओहम धरला, तर नियंत्रकाने न आवरल्यास प्रवाह 480 अँपिअरपर्यंत जाईल. अशाने नियंत्रकातील स्विच जळतो आणि बहुधा चिकटूनच बसतो. मग चाकाला नको तेव्हा ब्रेक लागल्यासारखे होते.

तुम्ही म्हणाल, फ्यूज आहे ना! पण फ्यूज वितळायला मिलिसेकंद लागतात. तारा एकमेकींना चिकटल्या आणि वाटेतील प्रवर्तन अवघे एक मायक्रोहेन्री असले, तर प्रवाह दर मायक्रोसेकंदाला 48 अँपिअरने वाढतो. म्हणून पहारेकरी निवडताना त्याचे मोजमाप किती अचूक, यापेक्षा तो किती चपळ, हे मी आधी विचारीन.

ट्रान्सफॉर्मरच्या तत्त्वावरचा संवेदक येथे बाद होतो. अडलेल्या मोटारीतील प्रवाह एकाच दिशेने वाहतो, आणि स्थिर प्रवाह त्याला दिसतच नाही. एडविन हॉलने 1879 साली सोन्याच्या पातळ पत्र्यावर जो परिणाम शोधला, त्यावर चालणारा संवेदक तारेला न शिवता चुंबकक्षेत्रावरून प्रवाह ओळखतो. मात्र त्याची कमाल मर्यादा पाहावी. शंभर अँपिअरशी ज्याचे माप संपते, त्याच्याकडून दीडशेला इशारा मागितला, तर तो इशारा कधीच येणार नाही! ही चूक शहाण्या माणसांकडूनही होते.

तिसरा आहे शंट, म्हणजे अगदी अल्प रोधाची पट्टी. एक मिलिओहमच्या पट्टीवर 50 अँपिअरला 50 मिलिव्होल्ट मिळतात आणि अडीच वॅट उष्णतेत जातात. स्वस्त आणि चपळ. तथापि तो बॅटरीच्या ऋण तारेत बसवला आणि मोटारीची तार सोलून चौकटीला लागली, तर चौकटीतून शंटला वळसा घालून परतणारा प्रवाह त्याला कळत नाही. चौकट ऋण टोकाला जोडलेली असेल, तर हा धोका खराच.

लहान स्कूटरसाठी मी शंटच घेईन. पण धन तारेत. त्याचा इशारा संगणकाच्या आज्ञावलीकडे नेणार नाही. ती दर 100 मायक्रोसेकंदांनी एकदा पाहत असेल, तर तेवढ्यात सारे संपलेले असते. इशारा थेट स्विच बंद करणाऱ्या मंडलाकडे जावा.