हरणाच्या केसांचा बेडूक

बास मासा बेडकाला बघतो ते खालून. कमळाच्या पानांखाली दबा धरून बसलेल्या या माशाला वरच्या उजेडात एक जाडसर आकृती दिसते. फिकट पोट आणि फेंगडे पाय. मिशिगनच्या उन्हाळ्यात लार्जमाउथ बाससाठी मोठे तरंगते फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेली कृत्रिम आमिषं, बांधताना मी हेच डोळ्यांपुढे ठेवते. पाठीवरचे हिरवे-पिवळे ठिपके आपल्या हौसेचे. माशासाठी बांधायचं ते पोट.

सामान थोडकंच लागतं. रुंद तोंडाचा 1/0 मापाचा गळ, दोरा आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या पोटावरचे केस. हे केस पांढरे असल्यामुळे त्यांवर रंग छान चढतो. प्रत्येक केसात हवेचे बारीक कप्पे असतात. त्यामुळे केस तरंगतो, आणि दोऱ्याने आवळला की त्या जागी चेपून दोन्ही टोकांनी उभा राहतो. सगळी करामत या एका गुणाची.

आधी गळाच्या वळणाजवळ कोंबड्याची लांब पिसं बांधायची. ते बेडकाचे मागचे पाय. मग पेन्सिलीएवढी जाड केसांची जुडी कापून मुळाशी असलेली लोकर फणीने विंचरून काढायची. लोकर राहिली तर केस धड फुलत नाहीत. जुडी गळाच्या दांड्यावर धरून दोऱ्याचे दोन सैल वेढे द्यायचे आणि हळूहळू ताण वाढवत न्यायचा. साधा दोरा इथे तटकन तुटतो, म्हणून जेल-स्पन पॉलिएथिलीनचा वापरतात. ताण पुरेसा झाला की केस कदंबाच्या फुलासारखे चहूबाजूंनी फुलतात. ते बोटांनी मागे रेटून घट्ट बसवायचे आणि पुढे दुसरी जुडी. ठासण्यात हयगय केली तर फ्लाय लवकर पाणी पितो, जड होतो आणि फेकताना हाताला ओढ लागते.

दांडा भरला की केस किटलीच्या वाफेवर धरायचे. चेपलेले केस ताठ होतात. मग दाढीचं दुधारी पातं घ्यायचं. पहिला काप पोटाचा. सपाट, दांड्याच्या अगदी जवळून, पण दोऱ्याला धक्का न लावता. गळाचं तोंड मोकळं राहिलं नाही तर मासा घास घेतो, पण गळ रुतत नाही. पातं दोन बोटांत वाकवलं की पाठीचा गोल काप आपोआप येतो. लॅरी डाहलबर्ग यांच्या ‘डायव्हर’ या प्रसिद्ध फ्लायमध्ये तोंड निमुळतं कापून मागे केसांची कॉलर ठेवतात. दोर ओढला की तो बुडबुडे सोडत बुडी मारतो, ढिला सोडला की वर येतो.

हरणाचे केस आणि बास ही जोडी जुनी आहे. विल्यम बार्ट्रम यांच्या 1791 साली छापलेल्या प्रवासवर्णनात फ्लोरिडातल्या अशाच आमिषाचं वर्णन आहे: तीन गळ, हरणाच्या शेपटीचे पांढरे केस, लाल चिंध्या आणि पिसं.

नव्याने शिकणाऱ्यांना माझं सांगणं एकच. रंगांच्या मागे लागू नका. पहिले काही फ्लाय नुसत्या पांढऱ्या केसांचे बांधा, काचेच्या भांड्यात पाण्यावर सोडा आणि खालून बघा. गळ सरळ लोंबतोय का, पोट सपाट बसलंय का, पाय पसरलेत का, हे तिथे लगेच कळतं. तिथे जमलं की मग पाठ हवी तशी रंगवा.