मधली सुट्टी आणि चष्म्याचा नंबर

एक साधा प्रयोग करून पाहा. भर दुपारी शाळेच्या मैदानावर उभे राहा आणि आपल्या वर्गाच्या उघड्या खिडकीकडे नजर टाका. आत काय दिसते? जवळजवळ काळोख! पण थोड्या वेळापूर्वी तुम्ही त्याच वर्गात बसून वही लिहीत होता. तेव्हा तर उजेड पुरेसा वाटत होता. मग खरे काय?

आपला डोळा मोठा जुळवून घेणारा आहे. उजेड कमी झाला की बाहुली रुंदावते, दृष्टिपटल अधिक संवेदनशील होते आणि आपल्याला फरक जाणवतही नाही. प्रकाशमापक मात्र असा फसत नाही. वर्गात तो साधारणपणे ३०० ते ५०० लक्स दाखवतो, झाडाच्या सावलीत काही हजार आणि कडक उन्हात सुमारे एक लाख! या फरकाचा तुमच्या चष्म्याशी जवळचा संबंध आहे.

जन्मतः आपला नेत्रगोल पुढून मागे सुमारे १७ मिलिमीटर असतो. वाढत वाढत तो २४ मिलिमीटरच्या आसपास थांबतो. तो वाजवीपेक्षा लांबला, तर दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते आणि फळ्यावरची अक्षरे पुसट दिसू लागतात. हीच निकटदृष्टिता. एका मिलिमीटरची जादा वाढ म्हणजे चष्म्याचा सुमारे अडीच ते तीन नंबर. नंबर फार वाढला, तर पुढील आयुष्यात दृष्टिपटल सुटण्याचाही धोका असतो.

"वाचून वाचून चष्मा लागला," असे घरोघरी म्हणतात. ते कितपत खरे आहे? सिडनी आणि सिंगापूर येथील चिनी वंशाच्या, सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. सिंगापुरात शेकडा २९ मुलांना निकटदृष्टिता होती, सिडनीत शेकडा ३ मुलांना. गंमत अशी की, सिडनीची मुले आठवड्याला अधिक पुस्तके वाचत होती! मात्र ती आठवड्यातून जवळजवळ १४ तास घराबाहेर असत, तर सिंगापूरची मुले अवघे तीन तास.

पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरते काय? नाही. त्यासाठी प्रयोग हवा. चीनमधील ग्वांगझू शहरात २०१० मध्ये १२ शाळा निवडल्या गेल्या. त्यांतील सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास मैदानावर दिला गेला. तीन वर्षांनंतर या शाळांत शेकडा सुमारे ३० मुलांना नव्याने निकटदृष्टिता आली होती, उरलेल्या शाळांत शेकडा सुमारे ४० मुलांना. तैवानमधील एका शाळेने तर त्याहून सोपा उपाय केला. प्रत्येक सुट्टीत वर्गातले दिवे बंद आणि सगळी मुले बाहेर! एका वर्षात तेथे शेकडा ८ मुलांना नव्याने निकटदृष्टिता आली, शेजारच्या शाळेत मात्र शेकडा १७ हून अधिक मुलांना.

हे घडते कसे? तेजस्वी प्रकाशात दृष्टिपटलातून डोपामाइन नावाचे द्रव्य अधिक पाझरते आणि ते नेत्रगोलाच्या लांबण्याला लगाम घालते, असे शास्त्रज्ञ मानतात. कोंबडीच्या पिलांच्या डोळ्यांवर दुधी आवरण बसवले, तर त्यांना निकटदृष्टिता येते. प्रखर प्रकाशात ठेवलेल्या पिलांत ती कमी येते. पण डोपामाइनचे कार्य रोखणारे औषध दिले, की प्रकाशाचा हा फायदा नाहीसा होतो.

म्हणून रोज दोन तास उघड्यावर घालवा. सावलीही चालते. वैशाखातले दुपारचे ऊन अंगावर घेण्याची गरज नाही. सूर्याकडे मात्र कधीही थेट पाहू नका. ज्यांना चष्मा लागला आहे, त्यांनी तो वापरलाच पाहिजे, कारण लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. खेळाचा मुख्य लाभ आहे तो नंबर लागण्यापूर्वी, म्हणजे तुमच्या धाकट्या भावंडांना. त्यांना आजच बाहेर घेऊन जा.

वर्ग रिकामा झाल्याने आणखी एक गोष्ट होते. कोपऱ्यात एकटाच बसणारा मुलगाही लगोरीच्या डावात ओढला जातो. गडी कमी पडतो, कोणीतरी हाक मारते आणि मैत्री जमते. ती मोजायला कोणतेही मापक लागत नाही.

आणि शिक्षकहो, एक विनंती. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला दिला जातो आणि गृहपाठ न करणाऱ्याची मधली सुट्टी बंद होते. शिक्षा जरूर करा, पण त्याच्या वाट्याचा उजेड काढून घेऊ नका. उद्या त्याला तुमचा फळा स्पष्ट दिसायला हवा ना?